नावे बदला, कारणे नकोत

जपानी मांगा (चित्रकथा) किंवा ॲनिमे (ॲनिमेशन) परदेशात न्यायचे तर त्यात फेरफार करावेच लागतात, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे: परक्या मुलांना अनोळखी नावे रुचत नाहीत, अनोळखी खाणे कळत नाही. वाहिन्यांना पडद्यावर सिगारेट आणि रक्त चालत नाही. शिवाय मालिका कोणी विकतच घेतली नाही, तर तिच्या शुद्धतेचे काय लोणचे घालायचे?

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. ओसामु तेझुका यांचा यंत्रबालक १९६३ च्या जानेवारीत जपानी दूरचित्रवाणीवर आला आणि त्याच वर्षी 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत पोहोचला, तो इंग्रजी आवाज आणि नवे नाव घेऊनच. 'पोकेमॉन'चा नायक सातोशी अमेरिकेत ॲश झाला आणि त्याने जग जिंकले. इटलीत 'कॅप्टन त्सुबासा'चा नायक हॉली झाला, अरबी आवृत्तीत तो माजिद झाला. फुटबॉल मात्र तोच राहिला, जिद्दही तीच राहिली आणि मुलांनी त्याला आपला मानले. तेव्हा केवळ नाव बदलले म्हणून गळा काढण्याचे कारण नाही.

पण इथवर मान्य केले, की हा पक्ष आपले बोट सोडून मनगट धरतो. नाव बदलता येते म्हणून मृत्यूही बदलता येतो, मृत्यू बदलता येतो म्हणून अख्खे प्रकरण गाळता येते, असे तो गृहीत धरतो. त्याचे खंडन करायला 'वन पीस'इतके चांगले उदाहरण नाही.

एइचिरो ओडा यांची ही समुद्री चाच्यांची मांगा १९९७ पासून 'शोनेन जंप' या साप्ताहिकात चालू आहे. तिच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या. तोएई कंपनीची ॲनिमे मालिका १९९९ मध्ये सुरू झाली. २००४ मध्ये 'फोरकिड्स' या अमेरिकी कंपनीने तिची इंग्रजी आवृत्ती शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत आणली. त्यात मूळचे १४३ भाग १०४ भागांत बसवले गेले. आचारी सांजीच्या ओठांतली सिगारेट जाऊन तिथे लॉलीपॉप आला. एका प्रसंगातल्या पिस्तुलाच्या तोंडाला चक्क स्प्रिंगवरची हातोडी बसवली गेली. यावर बरीच थट्टा झाली. पण ती थट्टा करणारेही मूळ दुखणे चुकवतात. लॉलीपॉपने कथेचे फारसे काही बिघडले नव्हते. बिघडले ते दुसरीकडे.

तलवारबाज झोरोला बालपणी एक मैत्रीण होती, कुइना. तो तिच्याकडून प्रत्येक वेळी हरत असे. एके दिवशी ती जिन्यावरून पडून मरते. झोरो तिची तलवार मागून घेतो आणि जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज होण्याचे दोघांचे वचन एकटा वाहू लागतो. फोरकिड्सच्या आवृत्तीत कुइना मरत नाही. कोणीतरी तिला असे घायाळ करते की ती पुन्हा तलवार धरू शकत नाही. मुलांना मृत्यू दाखवायचा नाही, हा हेतू असेल. पण त्यामुळे झोरोच्या प्रतिज्ञेचा पायाच निसटला. मैत्रीण जिवंत असेल, तर तिच्या तलवारीचे ओझे त्याने एकट्याने का वाहायचे? मुलाला मृत्यूपासून वाचवता वाचवता त्याच्या हाती न पटणारी कथा दिली गेली.

लबून या देवमाशाचे प्रकरण याहून बोलके आहे. 'परत येऊ' असे सांगून गेलेल्या चाच्यांची वाट पाहत हा देवमासा पन्नास वर्षे खडकाच्या भिंतीवर डोके आपटतो आहे. कथानायक लुफी त्याच्याशी भांडण उकरून काढतो, पुन्हा येण्याचे वचन देतो आणि त्याच्या जखमी डोक्यावर आपली खूण रंगवतो. बऱ्याच वर्षांनी कथेत ब्रुक नावाचा वादक सांगाडा येतो आणि उलगडा होतो, की त्या चाच्यांपैकी उरला आहे तो हाच. इंग्रजी आवृत्तीत लबूनचे अख्खे प्रकरण गाळले गेले. देवमाशाच्या जागी एक हिमनग आला, जहाज त्यावर आदळले आणि गोष्ट पुढे गेली. हिमनग कोणाची वाट पाहत नाही. २००६ च्या अखेरीस फोरकिड्सने मालिका सोडली, म्हणून ब्रुक आल्यावर काय सांगायचे हा प्रश्न तिच्यावर आला नाही. २००७ मध्ये 'फनिमेशन' या दुसऱ्या कंपनीने काम हाती घेतले आणि गाळलेले सारे परत आणावे लागले.

यावर पहिला पक्ष म्हणेल, 'हे सगळे मुलांसाठीच केले ना?' इथे प्रश्न फळीचा आहे. किशोरांच्या साप्ताहिकातली मांगा सात वर्षांच्या मुलांच्या वेळेत लावायची आणि मग ती तिथे शोभत नाही म्हणून कात्री लावायची, हा उलटा न्याय झाला. आपल्याकडे 'शिनचॅन'चे हेच झाले. योशितो उसुई यांची ती मांगा प्रौढांसाठीच्या नियतकालिकातून सुरू झाली होती. इथे ती मुलांच्या वाहिनीवर हिंदीत लागली, पालकांच्या तक्रारी गेल्या आणि २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबवावे लागले. पुढे ती काटछाट होऊन परतली. कार्टून म्हणजे लहान मुलांचेच, हा समज मुळात चुकीचा होता.

दुसरा बचाव असा, की परक्यांना हे समजणारच नाही. छापील मांगाने तो केव्हाच खोटा पाडला आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. अमेरिकी वाचक उलटे पान वाचणार नाही या भीतीने सुरुवातीचे प्रकाशक पाने आरशासारखी फिरवून छापत. त्यामुळे उजवे हात डावे झाले. किमोनोची डावी बाजूही उजवीखाली गेली, आणि जपानमध्ये तसा किमोनो फक्त प्रेताला नेसवतात. २००२ मध्ये 'टोकियोपॉप' या प्रकाशनाने पाने न फिरवता पुस्तके काढायला सुरुवात केली. वाचक बिचकले नाहीत. पाने फिरवण्याचा खर्च वाचला तो वेगळाच. वाचकाला कमी लेखणे धंद्यालाही परवडत नाही, एवढे तरी यातून शिकावे.

आता दुसऱ्या टोकाचा पक्ष. हे कट्टर लोक म्हणतात, की डबिंग हाच भ्रष्टाचार. मूळ जपानी आवाज आणि खाली पाट्या, एवढेच शुद्ध. ऐकायला हे बाणेदार वाटते, पण त्यामागे ॲनिमे कसे तयार होते याचे अज्ञान आहे. जपानमध्येही आवाज सहसा चित्र आखून झाल्यावर ध्वनिमुद्रित होतात. चित्रातल्या माणसाला स्वतःचा कंठ नसतोच. लुफी या पोराला जपानीत मायुमी तानाका या बाईंनी आवाज दिला, फनिमेशनच्या इंग्रजीतही कॉलीन क्लिंकनबियर्ड या बाईंनीच. मग एक कंठ पवित्र आणि दुसरा भ्रष्ट कसा? शिवाय ज्याला भरभर वाचता येत नाही असे मूल, ज्याची दृष्टी गेली आहे असा माणूस, यांना या शुद्धतेत जागाच नाही.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेले 'जंगल बुक' आठवा. निप्पॉन ॲनिमेशनची ती जपानी मालिका हिंदीत आली तेव्हा शेरखानला नाना पाटेकरांनी आवाज दिला. गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत जपानी आवृत्तीत नव्हतेच. तरी मोगली आणि शेरखान यांचे वैर जिथे होते तिथेच राहिले. दिग्दर्शक मियाझाकींचा चित्रपट 'स्पिरिटेड अवे' डिस्नेने इंग्रजीत डब करून अमेरिकेत दाखवला आणि २००३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्याच मियाझाकींच्या 'नाउसिका'ला १९८५ मध्ये अमेरिकेत सुमारे बावीस मिनिटे कापून 'वॉरियर्स ऑफ द विंड' केले होते. त्या अनुभवानंतर मियाझाकींच्या जिब्ली स्टुडिओने परदेशी वितरकांना एकही कट करू द्यायचा नाही, असे धोरण धरले. आवाज बदलायला त्यांची ना नव्हती.

दोन्ही पक्ष एकच चूक करतात. पहिल्याला वाटते सगळेच बदलता येते, दुसऱ्याला वाटते काहीच बदलता येत नाही. दोघेही बदल मोजतात, बदलाचा परिणाम तपासत नाहीत. माझी कसोटी एकच आहे: या बदलाने कथेतले कारण तुटते का? सातोशीचा ॲश झाल्याने काही तुटले नाही. 'सेलर मून' मालिकेतल्या हारुका आणि मिचिरु या प्रेमी जोडीला इंग्रजी डबिंगने चुलत बहिणी केले, तेव्हा मात्र तुटले. पडद्यावरच्या नजरा त्याच राहिल्या आणि त्या नजरांना अर्थ उरला नाही. नाव, विनोद, म्हणी, गाणे, बोलण्याचा बाज यांत अनुवादकाला पूर्ण मोकळीक द्या. तिथे तो जितका धीट, तितके डबिंग जिवंत. कोण कशामुळे मेले, कोणाचे कोणावर प्रेम आहे, कोणी काय वचन दिले, याला मात्र हात लावू नका.

आणि कथाच बदलायची असेल, तर तसे उघड सांगा. मराठीला हा भेद नवा नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने'त हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला त्याच्याच समुद्रावर ठेवले, तर 'ती फुलराणी'त शॉच्या फुलवालीची मंजुळा केली. पहिले भाषांतर, दुसरे रूपांतर. दोन्ही प्रामाणिक, कारण वाचकाला काय मिळते आहे हे झाकलेले नव्हते. 'वन पीस'चीच २०२३ ची नेटफ्लिक्स मालिका घ्या. तिथे घटनांची फेरजुळणी झाली, पण ती नवी कलाकृती म्हणून आली आणि स्वतः ओडा तिच्यात सहभागी होते. तिच्याशी कोणाचे भांडण असायचे कारण नाही. फोरकिड्सवरचा आक्षेप हाच, की रूपांतर करून ते भाषांतर म्हणून विकले.

२०१९ पासून प्रकाशक शुएईशा स्वतःच 'मांगा प्लस'वर जपानबरोबरच इंग्रजी आणि स्पॅनिश प्रकरणे देते. मूळ वाचकाच्या खिशात आल्यावर देवमाशाचा हिमनग करणे एक दुपारभरसुद्धा लपणार नाही. म्हणून वाहिन्यांनी आणि प्रकाशकांनी तीन गोष्टी कराव्यात. मालिका तिच्या वयाच्या फळीवर लावावी. काही गाळले असेल, तर ते नामावलीत लिहावे. आणि संवाद लिहिणाऱ्याचे नाव, आवाज देणाऱ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्यावे. कारण ज्याचे नाव छापले जाते, तो कुइनाला जिन्यावरून उचलून जिवंत करण्याआधी दोनदा विचार करतो.