फ्रेंचचा निबंध चुका मोजून तपासू नका



अकरावीचे प्रवेश सुरू झाले की ‘फ्रेंच घे, मार्क मिळतात’ हा सल्ला मुंबई-पुण्यात हमखास कानावर पडतो. मार्क मिळतात हे खरे, पण ते नेमके कशाचे मिळतात याची चर्चा होत नाही. फ्रेंचमधले पत्र किंवा निबंध तपासताना पूर्ण गुणांपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक चुकीमागे अर्धा गुण कापत जायचे, ही रीत भाषेच्या वर्गांत चांगलीच रुळलेली आहे. या रीतीने लेखन मोजले जात नाही, विद्यार्थ्याने किती धोका टाळला एवढेच मोजले जाते, असे माझे ठाम मत आहे. सांगायचे ते वाचणाऱ्यापर्यंत पोचले का, याचे गुण आधी आणि वेगळे द्यावेत. व्याकरण आणि शुद्धलेखन यांचा हिस्सा ठरवून घ्यावा आणि त्या हिश्शाबाहेर कापाकापी करू नये.

‘लहान मुलगी आली’ या वाक्याचे अनेकवचन घ्या. मराठीत ‘मुली’ आणि ‘आल्या’ हे दोन्ही बदल कानाला कळतात. फ्रेंचमध्ये मात्र उपपद, विशेषण, नाम, साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित असे पाच शब्द बदलतात. त्यांतल्या विशेषण, नाम आणि धातुसाधित या तिघांच्या शेवटी लागणारा ‘एस’ उच्चारातच येत नाही. विद्यार्थ्याने वाक्य अचूक म्हटले, उपपद आणि क्रियापद अनेकवचनी लिहिले, पण ते तीन मूक ‘एस’ राहिले, तर एकाच विसरापायी त्याचे दीड गुण जातात. शेजारच्याने ‘मी खूश आहे, हवा छान आहे’ अशी पाठ केलेली चार वाक्ये लिहिली तर त्याचे काहीच जात नाही. मित्राचे आमंत्रण नाकारायचे, कारण सांगायचे, दुसरा दिवस सुचवायचा असा प्रश्न असेल, तर खरोखर कारण सांगू पाहणाऱ्याला भूतकाळ, सर्वनामे, जोडवाक्ये यांना हात घालावा लागतो आणि तिथेच चुका होतात. हुशार मुले हा हिशेब महिन्याभरात ओळखतात आणि जेवढे पाठ आहे तेवढेच लिहू लागतात.

‘फ्रेंच ही शुद्धलेखनाची भाषा, फ्रान्समध्ये असले लाड चालत नाहीत,’ असे यावर म्हटले जाते. एके काळी ते खरे होते. तिथल्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेत श्रुतलेखनातल्या पाच चुका म्हणजे शून्य, असा दंडक होता. पण 2018 पासून तिथल्या ‘ब्रव्हे’ या शालान्त परीक्षेची रचना पाहा. फ्रेंचच्या 100 गुणांपैकी श्रुतलेखनाला 10 आणि स्वतंत्र लेखनाला 40 गुण ठेवले गेले. एकवचनी उतारा अनेकवचनात लिहिण्यासारखा प्रश्न वेगळा काढून त्यालाही 10 गुण दिले गेले. शुद्धलेखनाची कसोटी होतीच, फक्त तिची जागा ठरलेली होती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी 1985 पासून असलेल्या ‘डेल्फ’ परीक्षेत तर हे आणखी स्पष्ट दिसते. तिच्या ‘बी-1’ पातळीवर बराच काळ वापरात असलेल्या तक्त्यात लेखनाच्या 25 गुणांपैकी 13 गुण सूचना पाळणे, मजकूर मांडणे, मत सांगणे आणि सुसंगती यांना होते. शब्दांच्या स्पेलिंगला 2. शिवाय 6 डिसेंबर 1990 रोजी फ्रान्सच्या राजपत्रात लेखनसुधारणा प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार, काही अपवाद सोडता, ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरची टोपी ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून आपल्याकडे गुण कापणे म्हणजे फ्रान्समध्ये ग्राह्य असलेले लेखन चूक ठरवणे आहे.

अधिक गंभीर आक्षेप वस्तुनिष्ठतेचा आहे. चुका मोजता येतात, ‘मजकूर पोचला’ हे कसे मोजणार? ही शंका रास्त आहे आणि तिचा इतिहासही फ्रेंचच आहे. परीक्षांच्या मोजमापाचे शास्त्र उभे करणारे आन्री पिएराँ फ्रान्सचेच. 1930 च्या दशकात लोजिए आणि वाइनबर्ग यांनी ‘बाकालोरिया’ या तिथल्या शालेय शिक्षणाअखेरच्या परीक्षेचे तेच पेपर अनेक परीक्षकांकडून तपासून घेतले. गुण स्थिर व्हायला गणिताला 13 परीक्षक लागतील, तर फ्रेंच निबंधाला 78, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे परीक्षकाच्या मनावर सोडलेले गुण भरवशाचे नसतात, हे मान्य. परंतु चुकांच्या मोजणीतही तेच मन काम करते. वरचे तीन ‘एस’ एक चूक की तीन? तीच चूक पुन्हा आली तर पुन्हा कापायचे का? प्रत्येक शिक्षक याचे उत्तर वेगळे देतो आणि गुण मात्र दशांशात लिहिले जातात म्हणून ते अचूक वाटतात. त्यापेक्षा निकष आधीच छापलेला तक्ता, आणि निदान थोड्या उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासून मग आपसांत ताडून पाहणे, हा मार्ग खुला तरी आहे.

मग मुले बेफिकीर होतील, ही भीती मी हलकी मानत नाही. शुद्धलेखन शिकवलेच पाहिजे आणि लाल खूण केलीच पाहिजे. फक्त प्रत्येक खुणेला गुणांची किंमत लावू नये. तोच नियम पुन्हा मोडला तर एकदाच धरावा, आणि सुधारून लिहिलेल्या दुसऱ्या मसुद्यालाही काही गुण ठेवावेत, म्हणजे खुणा वाचल्या जातील. मोठ्या वर्गात दुसरा मसुदा तपासायला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. त्यासाठी सहामाहीतले एक-दोन निबंध कमी केले तरी चालतील. तक्ता मात्र प्रश्नपत्रिकेवरच छापावा, म्हणजे लिहायला बसण्यापूर्वी तो विद्यार्थ्याच्या हाती असेल.

– एक वाचक, पुणे