पिकअपचा कैवार

हातात चार पैसे जास्त झाले की पूर्वी माणूस तीर्थयात्रेला जायचा. हल्ली तो चिखलात जातो. तेही पायी नव्हे. चिखलात जाण्यासाठी मुद्दाम सजवून घेतलेल्या गाडीतून जातो, तिथं रुततो, तशाच दुसऱ्या गाडीला दोर बांधून स्वतःला ओढून घेतो आणि सोमवारी कचेरीत त्याची हकीगत रंगवून सांगतो. या प्रकाराला ऑफ-रोडिंग म्हणतात. रस्ता सोडून जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. मुलानं रस्ता सोडून जाऊ नये म्हणून आमच्या वेळची आईबापं उपासतापास करीत. आता त्यानं तो सोडावा म्हणून क्लब निघाले आहेत.

माझी तक्रार या छंदाबद्दल नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी चिखल जमवतो. तक्रार आहे ती या मंडळींच्या एका सिद्धान्ताबद्दल. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी ही मुळात अपुऱ्या दिवसांची असते, असं त्यांचं म्हणणं. तिला आधी उंच करायची, मग राक्षसाच्या पायांत शोभतील असे टायर चढवायचे, नाकावर विंच, छपरावर दिव्यांची माळ, बॉनेटच्या कडेनं वर गेलेली एक सोंड, आणि इंजिनाचा जोर तर चारही चाकांना हवाच हवा. हे ज्या गाडीला नाही तिनं डांबर सोडू नये! आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तुच्छतेचा जो एक सूर लागतो, तो नेमका लागतो साध्या पांढऱ्या पिकअपवर. बेस मॉडेल, मागच्या दोन चाकांवर चालणारी, जिच्या पाठीवर 'आईची कृपा' एवढं एकच मॉडिफिकेशन केलेलं असतं, ती पिकअप. तिचा कैवार घ्यायला कुणी नाही म्हणून मी उभा आहे.

आधी बेस मॉडेल म्हणजे काय ते पाहू. जिच्या वर्णनात 'नाही' हाच शब्द जास्त वेळा येतो ते बेस मॉडेल. थंड हवा नाही, गाणी नाहीत, काचेला बटण नाही. मूठ धरून गरागरा फिरवायची. मग आहे काय? खाली लोखंडी चॅसिस आहे, मागच्या अ‍ॅक्सलवर पाट्यांची जाडजूड चवड आहे, आणि कमी फेऱ्यांतही ओढ न सोडणारं डिझेल इंजिन आहे. २००० साली बाजारात आलेल्या बोलेरोच्या घराण्यातली पिकअप घ्या. नाहीतर २००५ साली आलेली ती एस, जिला खेडोपाडी 'छोटा हत्ती' हे नाव मिळालं. त्या पहिल्या हत्तीला दोन सिलिंडर होते, ७०० सीसीच्या आसपासचं इंजिन होतं आणि ताकद होती १६ हॉर्सपॉवर. यापेक्षा जास्त घोडे आज कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या मोटारसायकलीत असतात आणि ते सगळे मिळून एका पोराला उडपी हॉटेलापर्यंत नेतात. हत्ती १६ घोड्यांत अख्खं दुकान पाठीवर घेऊन गल्लीबोळांतून फिरला.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. त्यांची जीप इतकी उंच केलेली आहे की त्यांच्या सौभाग्यवती तिच्यात चढत नाहीत, गिर्यारोहण करतात. त्यांना मी एकदा म्हटलं, "अहो, परवा ताम्हिणीच्या अंगाला एका वाडीवर गेलो होतो. पिकअप गेली की वर."

"फोर बाय फोर?"

"नाही हो. साधी. भाताची पोती आणायला आलेली."

"मग तो रस्ता असणार," ते शांतपणे म्हणाले.

इथं वाद संपतो! ज्या वाटेवरून त्यांची जीप गेली ती ऑफ-रोड, आणि ज्या वाटेवरून पिकअप गेली तो रस्ता. असल्या व्याख्येपुढे पाणिनीनंसुद्धा हात टेकले असते.

तो रस्ता कसला होता ते सांगतो, कारण त्यातच सगळं यंत्रशास्त्र आहे. एका चढावर खडी सुटलेली होती. पिकअप रिकामी होती. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमी जरा मागं हौद्यात बसता का? पार टोकाला, फाळक्याला टेकून."

मी बसलो. शेजारी त्यानं चार दगड ठेवले. गाडी निमूटपणे चढून गेली. माझ्या वजनाचा असा सार्वजनिक उपयोग आयुष्यात प्रथमच झाला.

यात जादू नाही. रिकाम्या पिकअपचा सगळा भार पुढे, इंजिनाकडे असतो. जोर मात्र मागच्या चाकांना. ज्या चाकावर भार नाही त्याची पकड नाही. हौद्यात वजन आलं की मागचे टायर जमिनीला घट्ट धरतात, आणि चढावर तर गाडीचा भार आपोआपच मागे सरकतो. म्हणजे भरलेली पिकअप रिकामीपेक्षा सुटी खडी बरी चढते. दुसरी गोष्ट डिफ्रन्शियलची. साध्या डिफ्रन्शियलची रीत अशी, की दोनांतलं एक चाक निसरड्यात गेलं की तेच भिरभिरतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं बघत राहतं. एकत्र कुटुंबात असं पुष्कळदा होतं. अशा वेळी पिकअपवाला अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणखी खड्डा करीत नाही. तो चाकाखाली दगड सारतो, गोणपाट घालतो, टायरची थोडी हवा सोडतो. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि जास्त जमीन धरतो. उतारावर तो न्यूट्रल करीत नाही; ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरतो.

आणि ओढ्याला पाणी असलं तर? सोंडवाले गाडी घालतात. पिकअपवाला उतरतो, लेंगा वर करून स्वतः पलीकडे जाऊन येतो. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो, त्यामुळे पाण्याच्या शिंतोड्यांनी ते बंद पडत नाही. पण हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत शिरलं तर इंजिनाचा निकाल लागतो, कारण हवेसारखं पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनचे दांडे वाकतात. हे त्याला पुस्तकातून कळलेलं नाही. पाणी जास्त असलं तर तो बिडी पेटवून बसतो. दोन तासांत ओढा उतरतो. वाट बघणं हे जगातलं सर्वांत उत्तम ऑफ-रोड साहित्य आहे, पण ते कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाही.

उलट या सजावटीचे भोग पाहा. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरक्या उतारावर ती लवकर कलंडते. मोठे टायर घातले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते. म्हणजे इंजिनाची ओढ तेवढी कमी पडते आणि वेगाचा काटा खरं सांगायचं बंद करतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. गाडीत असा फेरफार करू नये की नोंदणीतला मूळ तपशील आणि गाडी यांचं जमेनासं होईल, असं ते सांगतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही त्याला दुजोरा दिला. या बाबतीत पिकअप निष्कलंक आहे.

इतिहासही तिच्याच बाजूनं आहे. फोर्डची मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी निघाली. जोर फक्त मागच्या चाकांना. तेव्हाच्या अमेरिकेतले खेड्यांतले रस्ते आपल्या पाणंदीसारखेच होते. तिचं पेट्रोल नुसत्या उतारानं इंजिनाकडे यायचं, त्यामुळे टाकीत कमी असलं तर उभ्या चढावर ते पोचायचंच नाही. शेतकऱ्यांनी काय करावं? गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये डोंगर चढवावा! १९११ साली असली एक गाडी काही दिवसांच्या खटपटीनंतर स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर नेली गेली. उंची १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे मी कुणाला भर देण्यासाठी सांगत नाही. १९२५ साली फोर्डनं याच गाडीला कारखान्यातूनच हौदा लावून विकायला काढलं. म्हणजे पिकअपचं कूळ तुमच्या जीपपेक्षा जुनं आहे. ती १९४१ ची.

आता कबूल करायचं तेही करतो. चार चाकांचा जोर हे थोतांड नाही. समुद्राच्या वाळूत, खोल गाळात, फौजेच्या आणि बचावाच्या कामात त्याला तोड नाही. लांब पिकअप उंचवट्यावर पोट टेकते, हेही खरं. पण पावसाळ्यातल्या काळ्या रानात बैलगाडीचंही चालत नाही. तिथं चार चाकंवाला आणि दोन चाकंवाला शेजारी शेजारी उभे राहून एकाच ट्रॅक्टरची वाट बघतात. आणि जायला चार चाकं उपयोगी पडत असली, तरी थांबायला सगळ्याच गाड्यांना चारच चाकं असतात, हे विसरणारे दरीत सापडतात.

पण माझं खरं भांडण यंत्राचं नाहीच. 'रस्ता सोडून जाणं' ही ज्याच्या दारात रस्ता आहे त्याची चैन आहे. २००० साली खेड्यांना रस्त्यानं जोडण्यासाठी पंतप्रधान ग्रामसडक योजना निघाली. चांगली योजना, तिनं पुष्कळ गावांना डांबर दाखवलं. पण तिचा मूळ हिशेब सपाटीवर ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० वस्तीचा. ज्या पाड्यावर चाळीसच माणसं आहेत, त्यानं काय करावं? लोकसंख्या वाढवावी? अशा पाड्यावर पहिली पोचते ती पिकअप. खत घेऊन जाते, टोमॅटो घेऊन येते. गणपती तिच्यातूनच येतो आणि विघ्नहर्ता असून एका हातानं कठडा धरून बसतो. रात्री पोटात कळा सुरू झालेली बाई तिच्याच हौद्यात गादी टाकून खाली नेतात.

आणि तिच्यातूनच वऱ्हाड जातं, मजूर जातात, उभ्यानं, दाटीवाटीनं. मालाच्या गाडीत माणसं भरणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पिकअप उलटल्याची बातमी येते तेव्हा आकडा मोठा असतो. आपण पेपर घडी करताना म्हणतो, "बसतातच कशाला असे?" एस. टी. तिथवर जात नाही म्हणून बसतात. तिथं रस्ता हवा आहे आणि बस हवी आहे. पण हे मागायच्या वेळी शहरातला हौशी माणूस नेमका कासच्या बाजूला निघालेला असतो. त्याला सापडतो एखादा सडा: जांभ्यावर बोटभर माती आणि त्या मातीत वर्षातून काही आठवडे फुलणारी फुलं. कासचं पठार ज्या पश्चिम घाटात येतं त्याला २०१२ साली जागतिक वारसा म्हटलं गेलं. असल्या मातीवर एकदा टायर फिरले की तो चर वर्षानुवर्षं राहतो. पिकअप कधी सड्यावर जात नाही. तिथं भरायला काही नसतं.

एवढं असून आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे: 'मालवाहू वाहनांस आत प्रवेश नाही.' कधी डोंगर न चढलेली जीप आत सावलीत उभी, आणि रोज डोंगर उतरून आमच्यासाठी भाजी आणणारी पिकअप बाहेर उन्हात. मी सभेत ही पाटी काढायचा ठराव मांडला. एका मतानं पडला. त्या एका मताच्या बाजूला मी एकटाच होतो, बाकीचे सतरा पलीकडे होते.

तेव्हा हौशी बंधूंना माझं एकच सांगणं आहे. चिखलात खुशाल जा. फक्त वाटेत साधी पिकअप भेटली तर हॉर्न वाजवू नका, गाडी मागे घ्या. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियमच आहे, आणि पिकअप जन्मभर चढावरच असते.