काट्याची पावती मागतो, मग टोलची का नाही?



गळीत हंगाम आटोपला, खोडव्याची मशागत झाली, की आपल्या भागातली निम्मी गावे गाडीला हार घालून बाहेर पडतात. कोणी तिरुपती, कोणी धर्मस्थळ, कोणी गाणगापूर. पूर्वी सात-आठ घरांत मिळून एक गाडी ठरवावी लागे, आता घरटी नसली तरी भावकीत एखादी जीप किंवा पिकअप असतेच. परत आल्यावर मंडळी गट ऑफिसात बसतात, प्रसाद वाटतात, आणि दर्शनाच्या गोष्टी दोन मिनिटांत संपून बोलणे टोलवर येते. "किती गेले हो टोलला?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "काय की साहेब, पोरानं मोबाईलवरनं भरले होते, मधेच संपले, परत भरले."

हे "काय की" मला खटकते. टोल द्यावा लागतो याबद्दल माझी तक्रार नाही. निपाणीवरून बेळगाव, धारवाड करत बेंगळूरपर्यंतचा रस्ता ज्याने वीस वर्षांपूर्वी पाहिला आहे आणि आज पाहतो आहे, त्याला फरक सांगावा लागत नाही. रस्ता चांगला असेल तर पैसे द्यायला शेतकरी कधी मागे सरला नाही. पण किती दिले, कशाचे दिले आणि बरोबर दिले का, हे न बघता पैसे सोडून देणारा माणूस तो नव्हे. तोच माणूस कारखान्याच्या काट्यावर वीस किलोसाठी तासभर भांडतो. रिकाम्या गाडीचे वजन पुन्हा करा म्हणतो. भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन अशी तिन्ही आकड्यांची पावती खिशात घातल्याशिवाय गेट सोडत नाही. आणि ते योग्यच आहे. वजनाची पावती हातात पडावी म्हणून आपल्या आधीच्या पिढीने सभा गाजवल्या. मग हाच माणूस परराज्यात गेल्यावर काचेवरच्या चार बोटे पट्टीवर एवढा विश्वास कसा टाकतो?

ही पट्टी म्हणजे फास्टॅग. २०१४ साली मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर तिची सुरुवात झाली, १ डिसेंबर २०१७ पासून नवी चारचाकी विकतानाच ती बसवून देणे सक्तीचे झाले, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या रांगा फास्टॅगच्या झाल्या. आपल्या राज्याच्या रस्त्यांवर १ एप्रिल २०२५ पासून ती सक्ती आली. नाक्यावरचे यंत्र रेडिओ लहरींनी पट्टी वाचते, पट्टी ज्या बँकेची त्या बँकेकडे मागणी जाते, खात्यातून पैसे वळते होतात आणि दांडा वर जातो. सोय नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात लावलेली पट्टी कर्नाटकात चालते, तामिळनाडूत चालते, उत्तरेत वाराणसीला गेला तरी चालते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली.

पण सुट्ट्या पैशांबरोबर पावतीही गेली. तिच्या जागी मोबाईलवर एक निरोप येतो. तो इंग्रजीत असतो, आणि बहुतेक वेळा तो मालकाच्या मोबाईलवर येतच नाही. पट्टी घेताना एजंटाने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेल्या पोराचा. पैसे कापले जातात इकडे आणि कळते तिकडे.

आमच्या गटातल्या एका सभासदाने जुनी पिकअप विकत घेतली. काचेवरची पट्टी तशीच राहिली, म्हणजे पहिल्या मालकाच्या नावावर. गाडीचे कागद याच्या नावावर झाले, पण पट्टीचे नाहीत. पहिल्या मालकाने आपली पट्टी बंद करायला सांगितली, ती बंद झाली, आणि आमचे सभासद टोमॅटो भरून परराज्याच्या बाजाराला निघाले असताना नाक्यावर अडकले. दुप्पट पैसे द्यावे लागले. यात फसवणूक कोणाची नाही. गाडीचा व्यवहार करताना आपण टायर वाजवून बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, विमा बघतो. पट्टी कुणाच्या नावावर आहे हे कोणी बघत नाही. याशिवाय मार्च २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधामुळे एका पेमेंट बँकेच्या पट्ट्यांत नवे पैसे भरणे बंद झाले, त्या पट्ट्या आपल्या भागात खूप होत्या. आत असलेली शिल्लक संपली आणि कित्येकांना ते नाक्यावर उभे राहिल्यावर कळले.

दुप्पटीच्या नियमात थोडा बदल झाला आहे तो लक्षात ठेवावा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर चालू पट्टी नसेल तर रोख देणाऱ्याला दुप्पट, पण मोबाईलवरून यूपीआयने देणाऱ्याला सव्वापट असा नियम केला गेला. म्हणजे शंभराच्या टोलला रोखीने दोनशे आणि मोबाईलने एकशे पंचवीस. हे ऐकायला बरे वाटते. पण ज्याच्याजवळ साधा फोन आहे त्यानेच पंचाहत्तर रुपये जास्त का द्यायचे? रस्ता दोघांनी सारखाच वापरला. नोट रिझर्व्ह बँकेचीच आहे. मोबाईल नसण्याचा दंड टोलच्या नावाखाली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसरी बाजू. पट्टी चालू आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्याचेच यंत्र वाचत नाही, तर काय? बेणे पाहण्यासाठी सभासदांची एक तुकडी घेऊन आम्ही कोईमतूरच्या ऊस संशोधन संस्थेला गेलो होतो. १९१२ पासून चालू असलेली ही संस्था, आणि आपल्या निम्म्या रानात उभा असणारा को ८६०३२ हा तिथलाच. वाटेत परराज्यातल्या एका नाक्यावर यंत्राने पट्टी वाचली नाही. खिडकीतला पोरगा बोटे दाखवून सांगतो, दुप्पट द्या. ड्रायव्हरने पाकीट काढले. मागे रांग, भोंगे चालू, भाषा कोणाला येत नाही, अशा वेळी माणूस म्हणतो, जाऊ दे, देऊन टाका. आम्ही गाडी बाजूला घेतली, मोबाईलवर शिल्लक दाखवली आणि वरच्या माणसाला बोलवायला सांगितले. मे २०१८ ची केंद्राची अधिसूचना अशी आहे, की पट्टी चालू असून त्यात पुरेशी शिल्लक असेल आणि नाक्याच्या यंत्रातील बिघाडामुळे टोल कापता येत नसेल, तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. मोडक्या हिंदीत एवढेच म्हणत राहिलो, "शून्य का रसीद दो." पंधरा-वीस मिनिटे गेली, पण पावती मिळाली आणि गाडी सुटली. ज्याला नियम ठाऊक नाही तो दुप्पट देऊन पुढे जातो, आणि असे रोज किती जात असतील ते देवाला माहीत.

गाडी घरच्या गोठ्याशेजारी उभी असताना टोल कापला गेल्याच्याही तक्रारी माझ्याकडे आल्या आहेत. पट्टी न वाचता गाडीचा नंबर हाताने घालताना चूक झाली की असे होते. अशा खोट्या कपातीबद्दल नाका चालवणाऱ्याला दर प्रकरणी रु. १ लाख दंडाची तरतूद केली गेली आहे. पण तक्रार केली तर. तक्रार पट्टी देणाऱ्या बँकेकडे करावी आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन आहे. त्यासाठी आधी आपल्या खात्यातून काय कापले ते महिन्यातून एकदा तरी कोणाकडून वाचून घ्यावे लागेल. दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल आपण जसे बघतो तसे.

काही जण म्हणतील, ज्याच्या दारात गाडी आहे त्याच्या टोलची काळजी कारखान्याच्या अंकात कशाला? त्याला परवडते म्हणून तो जातो. हे म्हणणे वरवर बरोबर आहे. पण टोल फक्त तिरुपतीच्या वाटेवर नाही. तो आपल्या ऊस बिलातही आहे, आणि मला खरे बोलायचे आहे ते याबद्दल.

२०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला रु. ३,५५० एफआरपी ठरली. हा भाव कारखान्याच्या गेटवरचा. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेले आपल्या खात्यावर येतात. आपला भाग सीमेला लागून. इकडचा ऊस तिकडे आणि तिकडचा इकडे येतो, आणि महामार्गाने येणारा ट्रक कोगनोळी किंवा किणीसारखा नाका ओलांडतो. ट्रकवाला टोल आपल्या खात्यातून देतो, पण पदरमोड करत नाही. हंगामापूर्वी दर ठरवताना तो म्हणतो, "टोल धरा." टोल धरला जातो, वाहतुकीच्या दरात मिसळतो, सरासरीत विरघळतो, आणि ज्याचा ऊस गेटपासून तीन किलोमीटरवर आहे त्याच्या बिलातूनही त्याचा वाटा जातो. लांबच्या सभासदाला वेगळे पाडा असे मी मुळीच म्हणत नाही, सहकार म्हटल्यावर एकमेकांचे ओझे थोडे उचलावेच लागते. पण किती ओझे ते तर कळले पाहिजे.

आणि हिशेब इथेच चुकण्याचा संभव आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे त्याच नाक्यावरून २४ तासांत जाऊन-येऊन झाले तर टोल दुप्पट नव्हे, दीडपट पडतो. फास्टॅग असेल तर परतीला आपोआप निम्माच कापला जातो. उसाचा ट्रक भरून आला, खाली झाला आणि त्याच दिवशी परत गेला तर त्याचा टोल दीडपट. मग वाहतूक दरात तो दुप्पट धरण्याचे कारण काय? दुसरे, याच नियमांत ट्रॅक्टरला आणि जनावरांच्या गाड्यांना टोल नाही. (जिथे सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता आहे तिथे मात्र त्यांनी मुख्य रस्त्यावर यायचेच नाही. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी जुळी ट्रॉली रात्री महामार्गावर घालणाऱ्यांनी हेही वाचावे.) तेव्हा ट्रॅक्टरच्या दरात टोलचा एक पैसाही असता कामा नये. काही ट्रकवाले टोल चुकवायला गावातून गाडी घालतात. डिझेल जास्त जाते, पाणंद खचते, आणि दरात टोल धरलेलाच असतो. म्हणजे टोलही गेला आणि गावचा रस्ताही गेला.

नाक्यावरचा दर दर साल १ एप्रिलला बदलतो. ३ टक्के ठरलेली वाढ आणि तिच्यावर घाऊक महागाईचा ४० टक्के हिस्सा. कोणाला मोर्चा काढावा लागत नाही. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला रु. ३१ झाला आणि पुढची सहा वर्षे जागचा हलला नाही. रस्त्याला महागाई लागते, साखरेला लागत नाही, असा हा न्याय. असो.

वार्षिक पासबद्दल बरेच जण विचारतात. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा रु. ३,००० ला एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा होता. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे नाक्याला पंधरा रुपये पडले. पण तो फक्त खाजगी कार-जीपला आणि फक्त राष्ट्रीय महामार्गावर चालतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही, आणि समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या राज्याच्या रस्त्यावरही नाही. वर्षातून एकदाच देवाला जाणाऱ्याने हिशेब करूनच घ्यावा. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खाजगी गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो, २०२५-२६ ला तो रु. ३५० होता. नाक्याजवळच्या गावांतल्या किती जणांनी तो काढला आहे, हे मी विचारत असतो, उत्तर निराशाजनक आहे.

पुढे तर दांडाच जाणार आहे. चालत्या गाडीचा नंबर आणि पट्टी वाचून टोल कापायची पद्धत आणण्याचे ठरले असून, त्यासाठी गुजरातेतल्या चोर्यासी नाक्याचा करार २०२५ मध्ये झाला. गाडी थांबायचीच नाही म्हटल्यावर खिडकीत माणूस नाही, आणि वाद घालायलाही कोणी नाही. तेव्हा कागदावरचा हिशेब बघण्याची सवय आत्ताच लावलेली बरी.

मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, मोबाईलचा जाणकार नव्हे. तरी प्रत्येक गट ऑफिसात एक तरुण चिटबॉय या कामाला शिकवून तयार करावा, सभासदाने गाडीचे कागद आणावेत, पट्टी कुणाच्या नावावर आहे, नंबर कुणाचा आहे, शिल्लक किती आहे एवढे त्याने बघून द्यावे, अशी माझी सूचना आहे. माती परीक्षणाचे नमुने आपण असेच गट ऑफिसात गोळा करतो, याला वेगळी यंत्रणा नको.

वाहतूक कराराबाबत मात्र सूचना पुरेशी नाही. टोलची रक्कम वाहतूक दरात न मिसळता वेगळ्या रकान्यात दाखवावी, ट्रकने पट्टीच्या खात्याचा उतारा जोडल्याशिवाय ती देऊ नये, आणि ट्रॅक्टरच्या दरात ती नसावी, असे टिपण शेती खात्यातर्फे मा. संचालक मंडळापुढे ठेवले आहे. नव्या हंगामाचे करार होण्यापूर्वी त्यावर निर्णय व्हायला हवा. ज्या सभासदांचा ऊस महामार्गाने ट्रकमधून आला असेल त्यांनी आपल्या गेल्या हंगामाच्या वजन पावत्या जपून ठेवाव्यात. त्यांवर गाडी नंबर, तारीख आणि वेळ आहे, आणि नाक्याच्या उताऱ्याशी ताडून बघायला त्याच लागणार आहेत.