फॉर्मॅट मारावा लागेल!

मदरबोर्ड बदलला की फॉर्मॅट मारावाच लागतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठसक्यात बोललं जातं की "का?" विचारायची कोणाची हिंमत होत नाही. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर मीही दहा-बारा जणांना हेच ऐकवलंय. ते शब्द आज जाहीरपणे मागे घेतो.

तर झालं असं, मे महिन्यात सांगलीला घरच्या पीसीचा मदरबोर्ड गेला. बाबांनी मशीन नेहमीच्या दुकानात नेलं. दोन दिवसांनी ते परत आलं, एकदम चकाचक. डेस्कटॉपही चकाचक! आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदांचं बाबांनी तीन वर्षं बसून केलेलं देवनागरी लिप्यंतर त्याच डेस्कटॉपवर होतं. दुकानदार म्हणाला, "काका, सी ड्राइव्हवर कशाला ठेवलंत? डी सेफ आहे की."

रिकव्हरीचे सगळे प्रयोग केले, शून्य हाती लागलं. "बाबा, मशीन कसं पळेल बघा" म्हणत दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क काढून एसएसडी मीच बसवली होती. एसएसडी फॉर्मॅट करताना विंडोज तिला ट्रिमची सूचना देते, म्हणजे हे ब्लॉक आता रिकामे समज. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरला शोधायला सहसा काही उरतच नाही.

बॅकअप नव्हता, ही चूक आमची. मान्य, शंभर वेळा मान्य. पण मंडळी, डिस्क ठणठणीत होती हो! गेला होता बोर्ड.

हा फॉर्मॅटचा नियम आला कुठून? एक्सपीच्या काळात तो खरा होता. २००१ साली आलेली एक्सपी इन्स्टॉल होतानाच त्या बोर्डाचा डिस्क कंट्रोलर आणि एचएएल धरून बसायची. बोर्ड बदलला की बूट होताना डिस्कच सापडायची नाही आणि निळा पडदा यायचा, तो सुप्रसिद्ध झीरो एक्स सेव्हन बी. विंडोज ७ पण कधीकधी असाच हिसका द्यायची. विंडोज १० आणि ११ मात्र नवं हार्डवेअर दिसलं की ड्रायव्हर शोधतात, एखाददुसऱ्यांदा रीस्टार्ट होतात आणि बहुतेक वेळा चालू पडतात. मी गेल्या दिवाळीत इंटेलच्या बोर्डावरून एएमडीवर गेलो, डिस्क तीच. फक्त लॅनचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून टाकावा लागला. लिनक्सवाले तर यावर हसतील. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात.

"पण लायसन्स?" हा पुढचा बाण. अहो, मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाला बांधलेलं असेल, तर फॉर्मॅट मारून ते नव्या बोर्डावर कसं येणार? आणि डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल, तर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये "हार्डवेअर बदललंय" असं सांगायची सोय २०१६ पासून आहे. जुनी डिस्क एमबीआर आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयवाला असेल, तर डेटा न घालवता रूपांतर करणारं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल विंडोजमध्येच आहे.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बिटलॉकर चालू असेल तर किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये असते. नवा बोर्ड लावला की ४८ अंकी रिकव्हरी की मागणार. ती आधीच लिहून ठेवा. की नसेल, तर मग खरोखरच फॉर्मॅटशिवाय मार्ग नाही.

दुकानदाराचं गणित मला कळतं. तयार पेन ड्राइव्ह लावला की अर्ध्या तासात मशीन हातावेगळं. ड्रायव्हर शोधत बसलं तर किती वेळ जाईल सांगता येत नाही, वर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार. म्हणजे त्याचा एक तास वाचावा म्हणून बाबांची तीन वर्षं. हा सौदा बाबांना विचारून तरी करायचा! आधी जुन्या डिस्कवरून बूट करून बघायला दहा मिनिटं लागतात. नाहीच झालं, तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढा, मग खुशाल मारा फॉर्मॅट.

असो. बाबांनी परत पहिल्या कागदापासून सुरुवात केलीय. आता फाइल डी ड्राइव्हवर ठेवतात. डी पण त्याच एसएसडीवर आहे हे समजावून सांगितल्यापासून रोज रात्री ती मला मेल करतात. काल सतराव्या कागदापर्यंत आले होते.