एक भट्टी, दोन हजेऱ्या

नागपूरहून हावडा मार्गाची गाडी धरली की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग मागे पडतात आणि भिलाई पॉवरहाऊस हे स्थानक येते. १ जुलै १९९२ रोजी या स्थानकातल्या रुळांवर हजारो कामगार ठाण मांडून बसले होते. देशाच्या रेल्वेला रूळ पुरवणारे हे गाव. ज्यांवर ते बसले होते ते रूळही बहुधा भिलाईतच बनलेले. मागण्या साध्या होत्या. पोट भरेल एवढे वेतन, कायम नोकरी आणि कामावरून काढलेल्यांना परत घेणे. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सोळा कामगार मेले.

त्याआधी नऊ महिने, २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांना झोपेतच खिडकीतून गोळी घालण्यात आली होती. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींतल्या ठेका मजुरांना त्यांनी संघटित केले होते. त्या मजुरांनी पदरमोड करून १९८३ मध्ये स्वतःचे शहीद रुग्णालय उभारले. खून खटल्यात १९९७ मध्ये सत्र न्यायालयाने दोन उद्योगपतींना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरले ते गोळी झाडणाऱ्या एकट्याला.

हा इतिहास उगाळण्याचे कारण इतकेच, की रुळांवर मागितलेली कायम नोकरी आज अधिकच दुर्मीळ झाली आहे. आणि ती दुर्मीळ करण्यात खासगी मालकांच्या बरोबरीने सरकारी कारखानाही आहे. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. सेक्टरांतले क्वार्टर, शाळा, सेक्टर ९चे रुग्णालय हे सगळे कायम कामगाराच्या वाट्याला आले. पण त्याची संख्या ऐंशीच्या दशकापासून घटत गेली आणि त्याच्या जागी ठेका श्रमिक आला. भिलाईचा अनेक वर्षे अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी तिथल्या लोकांच्याच तोंडचे दोन शब्द पकडले: ‘नोकरी’ आणि ‘काम’. नोकरी असते कायम माणसाला. बाकीचे करतात ते काम.

ठेका श्रमिकाचा गेट पास हातात घेऊन पाहावा. त्यावर कारखान्याआधी ठेकेदाराचे नाव महत्त्वाचे. ठेका बदलला की माणूस तोच, भट्टी तीच, फावडेही तेच. पासवर नाव मात्र नवे आणि कागदोपत्री नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळणारी ग्रॅच्युइटी मग त्याने कुठल्या जन्मी मागायची? बँकेत जमा झालेल्या मजुरीतला हिस्सा ठेकेदार परत काढून घेतो, ही कामगारांची तक्रारही जुनीच आहे. बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बाईला तिथे ‘रेजा’ म्हणतात. तिचे स्थान या उतरंडीत सर्वांत खाली.

यातली खरी मेख जातीची आहे. सरकारी कारखान्याच्या कायम भरतीत आरक्षण असते. या दाराने सतनामी या दलित समाजातली आणि आदिवासी घरांतली पोरे क्वार्टरात आली, त्यांची मुले शिकली. ठेक्याला आरक्षणाची बिंदुनामावली नसते. आरक्षणाला हात न लावता ते निकामी करण्याचा याहून सोपा मार्ग नाही; त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना संसदेत गोंधळ होतो. कारखाना बांधताना ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नातवंडांनी आता त्याच फाटकावर ठेकेदाराची मर्जी राखायची.

कायद्याचा आधारही झिजत गेला आहे. ठेका पद्धतीवर बंदी आली तरी मजूर आपोआप कायम होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्या खटल्यात पक्षकार होती भिलाईची मालक कंपनी ‘सेल’च. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने मुख्य कामांत ठेकेदारीला मनाई केली खरी, पण अपवादांची खिडकी उघडीच ठेवली. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास मजुरांवर नेली.

महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना, त्यात बहुसंख्य दलित, कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरण्याचा निर्णय राज्याने काढला आणि तरुण रस्त्यावर उतरल्यावर त्याच वर्षी मागे घेतला. निर्णय मागे गेला, रीत गेली नाही. आपल्या कार्यालयात झाडू मारणाऱ्या बाईचा पगार कोण देतो, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.

स्पर्धेचे कारण दिले जाईल. पोलादाचे भाव पडतात, हे मान्य. पण समान कामाला समान वेतन मिळायला हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबाबत स्पष्ट केले आहे, आणि सरकारी मालकीच्या कंपनीला ते सर्वांआधी लागू व्हायला हवे. प्रत्येक सार्वजनिक उद्योगाने ठेक्यावर किती माणसे राबतात, किती वर्षे राबतात आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे किती, याची यादी दरवर्षी जाहीर करावी. पहिली यादी भिलाईच्या फाटकावर लागावी.