दिवाबत्तीची सोय

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा एक दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या बँका, दुकाने आणि सरकारी कचेऱ्या यांची तारांबळ उडाली. संगणकांमधून जाणारा मजकूर वाटेत कोणी वाचू नये यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपन एसएसएल’ या आज्ञावलीत तो दडलेला होता आणि दोन वर्षे सुखाने नांदत होता. मग असे निष्पन्न झाले की, ज्या प्रकल्पावर एवढे व्यवहार विसंबून होते, त्याला देणगीदाखल वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर मिळत आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता. बोभाटा झाल्यावर मात्र बड्या कंपन्यांना औदार्याची उबळ आली. लिनक्स फाउंडेशनने उभारलेल्या निधीला डझनभर कंपन्यांनी तीन वर्षे, दरसाल प्रत्येकी १ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. या कंपन्या आदल्या वर्षीही दरिद्री नव्हत्या.

खुल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो. ती फुकट मिळते म्हणून फुकटच तयार होते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो खोटा आहे. हा खर्च कोणीतरी सोसतच असतो. बहुधा रात्री जागून, नोकरी सांभाळून काम करणारा कोणी हौशी माणूस. तो भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावरून उतरावा, प्रकल्पाचे नाव एखाद्या व्यक्तीच्या मालकीचे राहू नये आणि देणग्यांचा हिशेब चोख राहावा, यासाठी ना-नफा प्रतिष्ठाने निघाली. अपाचेचे प्रतिष्ठान १९९९ मधले आहे.

यांपैकी जँगोचे उदाहरण विशेष पाहण्यासारखे आहे. संकेतस्थळे उभारण्याची ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातील एका दैनिकाच्या कचेरीत जन्मली. तिथल्या संगणकतज्ज्ञांनी स्वतःच्या गरजेसाठी केलेले हे काम जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले. (वृत्तपत्राच्या कचेरीतून जगाला असे काही टिकाऊ मिळावे, हे वृत्तपत्रवाल्यांनाही नवलाचे वाटेल!) पुढे इन्स्टाग्रामसारखा अवाढव्य पसारा याच चौकटीवर उभा राहिला. २००८ मध्ये जँगोचे प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०१४ पासून ते ‘फेलो’ नेमून त्यांना वेतन देऊ लागले. या फेलोंचे काम नवी वैशिष्ट्ये निर्माण करण्याचे नाही. आलेल्या तक्रारी निवडणे, इतरांनी पाठविलेल्या दुरुस्त्या तपासणे, सुरक्षेतील भगदाडे वेळेवर बुजविणे, एवढेच त्यांनी करावयाचे.

देवळाच्या सभामंडपाला देणगीदार मिळतात, कारण कोनशिलेवर नाव कोरता येते. झाडलोट आणि दिवाबत्ती यांना कोनशिला नसते. म्हणूनच पूर्वी दिवाबत्तीसाठी इनाम जमीन लावून दिली जाई. ते उत्पन्न कोणाच्या लहरीवर अवलंबून ठेवले जात नसे. जँगोच्या प्रतिष्ठानाला मात्र दरवर्षी झोळी घेऊन फिरावे लागते. २०२५ साठी त्याने वर्गणीचे उद्दिष्ट ठेवले होते ३ लाख डॉलरचे. अमेरिकेत एवढ्या रकमेत एक-दोन अनुभवी तज्ज्ञांचा पगार भागतो.

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, पैसे दिले नाहीत तरी आमची माणसे या प्रकल्पांसाठी राबतात. त्यात तथ्य आहे, पण पगारदार माणूस आधी पगार देणाऱ्याची गरज पाहणार, आणि तो निघून गेला म्हणजे काय, याला उत्तर नाही. महाविद्यालयांतून वापरले जाणारे ‘मूडल’ ज्या भाषेत लिहिले आहे, त्या पीएचपीवर नेमका हाच प्रसंग आला. २०२१ मध्ये तिच्या प्रमुख कारागिरांपैकी एकाने दुसरे काम पत्करले आणि जगातील बहुसंख्य संकेतस्थळे ज्या भाषेवर चालतात, तिचा अंतरंग जाणणारे लोक बोटांवर मोजण्याइतके आहेत हे ध्यानात आले. त्यानंतरच, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, पीएचपीचे प्रतिष्ठान निघाले.

अर्थात नुसती पाटी लावून भागत नाही. वर्डप्रेसला २०१० पासून प्रतिष्ठान आहे, नावाचे हक्कही त्याच्याकडे आहेत. परंतु ज्या केंद्रीय स्थळावरून लाखो संकेतस्थळांना सुधारणा मिळतात, ते संस्थापकाच्या खासगी मालकीचे. २०२४ मध्ये एका कंपनीशी बिनसल्यावर त्याने तिला दार बंद केले आणि डिसेंबरात कॅलिफोर्नियातील न्यायालयाला ते उघडण्याचा हुकूम द्यावा लागला. विश्वस्त दप्तरात आणि किल्ल्या एकाच्याच कमरेला!

जर्मन सरकारने २०२२ मध्ये सरकारी पैशातून एक निधी उभारून अशा प्रकल्पांच्या डागडुजीचा खर्च रस्ते-पुलांच्या पंक्तीला आणला. पीएचपीलाही त्यातून साहाय्य मिळाले. भारतात झेरोधा या कंपनीने २०२४ मध्ये दरसाल १० लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सरकारचे काय? शासकीय कचेऱ्यांनी खुल्या आज्ञावलींना पसंती द्यावी, असे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आखले. त्यातला भर वापरावर आहे. परवान्यांचे जे पैसे त्यामुळे वाचतात, त्यांतील अल्पसा वाटा देखभालीच्या शीर्षकाखाली दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरावा आणि तो या प्रतिष्ठानांकडे जावा, ही मागणी अर्थखात्याला जड वाटण्याचे कारण नाही.