‘टॅक्स नाही’ म्हणतात, मग इकाम्याचे पैसे कोण भरतंय?

सौदीत पगारावर टॅक्स नाही, असं एजंट सांगतो. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. इथला टॅक्स पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, इकाम्यात लपलेला असतो.

हिशोब बघा. ज्या कंपनीत सौदी कमी आणि परदेशी जास्त, तिला 2018 मध्ये दर परदेशी कामगारामागे महिन्याला 400 रियाल लेव्ही लागली. 2019 ला 600, 2020 ला 800. म्हणजे वर्षाचे 9,600. वर इकाम्याचे 650. मेडिकल इन्शुरन्स वेगळा.

कायद्याने हा बोजा मालकाचा. सौदी कामगार कायद्याचं कलम 40 स्पष्ट आहे: भरतीचा खर्च, इकामा, वर्क परमिट, त्यांचं रिन्यूअल आणि उशीर झाल्याचा दंडसुद्धा मालकानेच भरायचा. पण ‘आझाद व्हिसा’वर आलेल्याचा कफील फक्त कागदावर असतो. तो म्हणतो, तुझं तू भर, आणि वर मला महिन्याचे दे. समजा शटरिंग कारपेंटरला 1,500 रियाल मिळतात. लेव्ही आणि इकाम्यातच त्याची जवळजवळ सात महिन्यांची कमाई जाते.

एवढे कुठून आणणार? इकामा संपतो आणि पोरगा दोन नंबरात जातो. रोजंदारी, रोख पैसे, नोंद कुठेच नाही. सब-कॉन्ट्रॅक्टरला असाच माणूस परवडतो. मग सरळ मार्गाने लेव्ही भरणारा रेटमध्ये मागे पडतो. आणि स्कॅफोल्डिंगवरून कोणी पडला, तर पकडतील म्हणून हॉस्पिटलात जायलाही घाबरतो.

लोक म्हणतात, बेकायदा कामगारांमुळे काळा बाजार वाढला. मला उलटं वाटतं. माणूस कमवायच्या आधीच त्याच्या डोक्यावर टॅक्स बसवला, आणि तो मालकाने खाली ढकलला तरी कोणी विचारलं नाही, की काळा बाजार आपोआप उभा राहतो. पकडला मात्र कामगार जातो. सरकारला लेव्ही हवी तर मालकाकडून वसूल करावी. त्याच्या थकबाकीसाठी कामगाराचा इकामा अडकवू नये.

भावांनो, तोवर आपण एवढं करू. इकाम्याची तारीख ‘अबशर’वर स्वतः बघा. करार ‘किवा’वर चढलाय का तपासा. मार्च 2021 पासून इकामा किंवा वर्क परमिट संपला असेल, तर मालकाच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कंपनीत बदली मागता येते. हाउस ड्रायव्हर किंवा घरकामाच्या व्हिसाला मात्र ही सवलत नाही, कलम 40 पण नाही. म्हणून गावाकडून कोणी ‘आझाद व्हिसा घेऊ का’ विचारलं, तर आधी हा 10,250 चा हिशोब त्याला सांगा.